पळणाऱ्या लेकरांना झोपूही द्या

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत होऊन जाते. फेब्रुवारीपर्यंत आसपासच्या शर्यतीही उरकतात आणि मार्चपासून ऊन तापू लागते. लांब पल्ल्याच्या धावपटूंनी शरीराची डागडुजी करायची ती याच दिवसांत. पण आपल्या वस्त्यांतून दहा किंवा एकवीस किलोमीटर पळणारी मुले-मुली नेमकी इथेच चुकतात. काहीजण पदक खिळ्याला टांगून बूट तीन महिने माळ्यावर टाकतात. काहीजण मात्र एक दिवसही थांबत नाहीत. आम्हाला काळजी या दुसऱ्यांची जास्त वाटते, कारण त्यांना घरातून शाबासकी मिळते.

आपल्या घरांत थकव्याला आळस म्हणायची जुनी सवय आहे. "तुझ्या आज्याने कधी सुट्टी घेतली का?" असे पोराला ऐकवले जाते. आज्याला सुट्टी कोणी देतच नव्हते! ऐन पन्नाशीत गेलेले गुडघे आणि कायमची धरलेली कंबर ही त्याची किंमत होती. नाइलाजाने सोसलेली गोष्ट नातवंडांना गुण म्हणून शिकवू नये.

पळताना स्नायूंना बारीक इजा होते, हाडांवर ताण येतो. ही झीज शरीर नंतर भरून काढते, जेवणातून आणि झोपेतून, आणि भरताना ती जागा थोडी अधिक मजबूत करते. स्नायू काही दिवसांत सावरतात, हाडांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणूनच दम वाढलेला असतो, पाय हलके वाटतात आणि तेव्हाच नडगी दुखू लागते.

"खंड पडला की दम जातो," ही भीती मुले बोलून दाखवतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना तर ती फारच असते, कारण जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. पण आठ-दहा दिवस थांबल्याने फारसे बिघडत नाही. दोन-तीन आठवड्यांनी दम थोडा उतरतो आणि सराव सुरू केला की परत येतो. उलट हाडाला बारीक चीर गेली तर सहा ते आठ आठवडे पळणे बंद. कोणता खंड परवडेल, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

मोबाईलवर सरावाची जी वेळापत्रके मिळतात, त्यांत पळणारा माणूस दिवसभर खुर्चीत बसतो असे धरलेले असते. आपला मुलगा पार्सल घेऊन दिवसाला कित्येक जिने चढतो. आपली मुलगी पहाटे पळून येते आणि नळावरून हंडे वाहते. शरीर कामाचा घाम आणि सरावाचा घाम वेगळा मोजत नाही. वेळापत्रकात "आराम" लिहिलेल्या दिवशी हमाली केली, तर तो आराम झालाच नाही. म्हणून सरावाच्या वहीत किलोमीटरच्या शेजारी कामाचे आणि झोपेचे तासही लिहावेत, असा आमचा आग्रह आहे.

शर्यतीनंतर दोन आठवडे पळू नये. चालावे, सायकल चालवावी. पुढचे महिना-दीड महिना आठवड्यातून तीन-चार दिवस, बोलता येईल इतक्याच वेगाने, उन्हाच्या आधी पळावे. दोन दिवस घरीच उठाबशा काढाव्यात आणि पायरीवर टाचा उचलण्याचा व्यायाम करावा. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती ठेवावी. सराव हळूहळू वाढवावा आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करावा. पळणे कमी झाले म्हणून जेवण तोडू नये. भाकरी, डाळ, अंडी, सुकट, शेंगदाणे यांतून शरीराची भरपाई होते. जेवणावर लिंबू पिळावे, चहा मात्र जेवणाबरोबर घेऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही.

सकाळी अंथरुणातच एक मिनिट नाडी मोजावी. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त, असे चार-पाच दिवस सलग आले तर थांबावे. नडगीवर बोटाने दाबून एकाच ठिकाणी कळ येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. अशी चीर सुरुवातीच्या एक्स-रेत कित्येकदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणे अंगावर काढू नये. मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर "पळण्यामुळे होते" म्हणून सोडून देऊ नये. सततचा थकवा असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. बायकांत 12 ग्रॅमच्या खाली आणि पुरुषांत 13 ग्रॅमच्या खाली असेल, तर आधी उपचार आणि मग सराव.

शेवटचे बोलणे घरातल्या मोठ्यांशी. रविवारी पळून आलेला भाऊ पांघरूण घेऊन झोपतो आणि पळून आलेली बहीण चुलीपाशी बसते, हे आम्ही घरोघरी पाहतो. दोघांनी अंतर सारखेच कापलेले असते. तिच्या बुटांसाठी आपण पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवतो, मग आठवड्यातून एक दिवस तिचे हंडे दुसऱ्या कोणी भरायला काय हरकत आहे? पुढच्या जानेवारीत ती बिनदुखत्या पायांनी पळावी असे वाटत असेल, तर तिच्या वाटचे काम आत्तापासून वाटून घ्या.