श्लीपद : वर्ज्य नव्हे, याप्य

हत्तीरोगाच्या उच्चाटनाची मुदत आपल्या देशात वारंवार पुढे सरकली आहे. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात ती २०१५ होती, २०१७ च्या धोरणात त्याच वर्षाची होती आणि आता २०२७ ठरली आहे. या कार्यक्रमाचे दोन भाग आहेत. पहिला सामूहिक औषधोपचाराचा. डीईसी व अल्बेंडाझोलच्या जोडीस आयव्हरमेक्टिन देण्याची पद्धत नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये सुरू झाली, हे वाचकांस आठवत असेल. दुसरा भाग ज्यांचे पाय आधीच सुजलेले आहेत त्यांच्या शुश्रूषेचा. त्याची चर्चा क्वचितच होते आणि आम्हा वैद्यांचा संबंध येतो तो मुख्यतः त्याच्याशीच.

या दुसऱ्या भागातील मार्गदर्शन अगदी साधे आहे. सुजलेला पाय रोज साबण व स्वच्छ पाण्याने धुवावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, भेगांना मलम लावावे, पाय उंच ठेवावा, घोट्याचा व्यायाम करावा, पादत्राण वापरावे. त्यासाठी रुग्णास टब, मग, साबण, टॉवेल व मलम असा संच देण्याची योजना आहे. कारण सूज वाढते ती बहुधा बेचकीतील भेगांवाटे शिरणाऱ्या जंतूंमुळे येणाऱ्या ज्वराच्या झटक्यांनी. प्रत्येक झटका लसीकावाहिन्यांना आणखी निकामी करून जातो.

परंतु ही योजना हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांसाठी आखलेली आहे आणि त्यांत कोल्हापूर येत नाही. मुरगूड परिसरात मात्र सुजलेले पाय येतातच. कुणाचा वारंवारच्या विसर्पाने सुजलेला, तर कुणी ऊसतोडीसाठी प्रवण भागातून आलेला. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजलेल्या भगिनीही याच पंक्तीतल्या. त्यांचे नाव कोणत्याही हत्तीरोगाच्या यादीत नसते. शुश्रूषेची तत्त्वे मात्र तीच आहेत. म्हणून यादीची वाट न पाहता आपल्या दवाखान्यातच ती अमलात यावीत, असे आमचे मत आहे.

येथे आपल्यालाही काही सोडावे लागेल. साचलेल्या जुन्या पाण्याच्या आणि सर्व ऋतूंत शीतल असणाऱ्या प्रदेशांत श्लीपद विशेष आढळते, हे सुश्रुताचार्यांनी नोंदवून ठेवले. वर्षाहून जुना, अतिमहत्, वारुळासारखा झालेला श्लीपद त्यांनी वर्ज्य सांगितला. विद्यार्थी हे पाठ करतात आणि पुढे व्यवसायात नित्यानंद रसाची पुडी देऊन मोकळे होतात. आमच्या मते अशा रुग्णास आज याप्य समजावे. तो पूर्ववत होणार नाही, पण नित्य परिचर्येने सांभाळता येईल. सिरावेधाबद्दलही स्पष्ट बोलावे लागेल. ग्रंथात तो सांगितला आहे हे खरे. परंतु लसीका साचलेल्या पायास केलेली प्रत्येक जखम जंतूंना नवे दार उघडते. जळवा लावणे व तीव्र स्वेदन यांनाही हेच लागू. थंडी वाजून ताप आला, पाय लाल व तप्त झाला, तर रुग्णास काढ्यावर न ठेवता प्रतिजैविकांसाठी त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

आयुर्वेदास येथे स्थान नाही, असा याचा अर्थ नव्हे. केरळातील कासरगोड येथील इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मटॉलॉजी या १९९९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने पाय धुणे, औषधी फांटात बुडविणे, लसीकेच्या दिशेने हलके मर्दन, योगासने व पट्टबंधन यांची सांगड घातली. आळप्पुळा आणि आपल्या सोलापूरला लागून असलेल्या गुलबर्गा जिल्ह्यात तिचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सूज व ज्वराचे झटके दोन्ही कमी झाल्याचे त्यात नोंदले आहे. तेथे मोजमाप होते, म्हणून सांगता आले. आपल्याकडे ‘फरक आहे’ एवढीच नोंद असते!

घोटा, पोटरी, गुडघा येथे ठरलेल्या अंतरावर दरमहा फीत लावून आकडा वहीत लिहिण्यास खर्च नाही. पट्टबंधन मात्र शिकूनच करावे. पायातील नाडी तपासल्याशिवाय पट्टी बांधू नये आणि नेहमीच्या क्रेप बँडेजपेक्षा कमी ताणाची पट्टी या कामास योग्य. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आज आपलेच अनेक बी.ए.एम.एस. पदवीधर आहेत. त्यांच्याशी बोलून गळीत हंगामाच्या आरंभी ऊसतोड मजुरांच्या अड्ड्यांवर पायांची तपासणी ठेवता येईल. पाचटाने कापलेले, चिखलात भिजलेले ते पाय दवाखान्यापर्यंत येतात, तोवर बहुधा दुसरा-तिसरा झटका होऊन गेलेला असतो.