हृदयाचें दान आणि आपलें मौन

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं वर्गांत रक्ताभिसरणाचा धडा चालला असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, हृदयाचें व फुप्फुसांचें काम करणारें यंत्र जर निघालें आहे, तर मेलेल्या माणसाचें हृदय काढून दुसऱ्यास बसविण्याची उठाठेव डॉक्टर लोक कां करतात?" मुलें हसलीं. मला मात्र हसूं आलें नाहीं. प्रश्न चांगला होता, आणि घंटा झाल्यामुळें त्याचें उत्तर अर्धेंच राहिलें. दुसरे दिवशीं तोच मुलगा सांगूं लागला कीं, त्यानें हा विषय रात्रीं घरीं काढला, तेव्हां आई म्हणाली, "जेवतांना असलें अभद्र बोलूं नये." राहिलेलें तें उत्तर आणि त्या मातोश्रींचें हें वाक्य, या दोहोंविषयीं मला जें म्हणावयाचें आहे तें या वार्षिकाच्या द्वारें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असें योजिलें आहे.

हृदयावरील शस्त्रक्रिया इतर अवयवांच्या मानानें फार उशिरां सुरू झाली, याचें कारण उघड आहे. हात मोडला तर तो फळीस बांधून स्वस्थ ठेवतां येतो. हृदयास सुट्टी देतां येत नाहीं. तें थांबलें कीं चार-पांच मिनिटांतच मेंदूची हानि होऊं लागते. आणि तें चालूं ठेवावें, तर धडधडणाऱ्या, रक्तानें भरलेल्या त्या पिशवींत डोळ्यांनीं पाहून टांका घालणार कसा? १९३० च्या सुमारास बोस्टन येथील एका इस्पितळांत जॉन गिबन नांवाचे तरुण डॉक्टर एका बाईच्या उशाशीं रात्रभर बसून होते. तिच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिनींत गुठळी अडकली होती. अखेर शस्त्रक्रिया करून ती गुठळी काढली, पण बाई वांचली नाहीं. त्या रात्रीं गिबन यांच्या मनांत आलें कीं, तिचें तें काळें पडलेलें रक्त बाहेर काढून, त्यास प्राणवायु देऊन, पुन्हां तिच्या शरीरांत सोडतां आलें असतें तर! विचार एका रात्रींत सुचला. तो प्रत्यक्षांत उतरावयास तेवीस वर्षें लागलीं. पत्नी मेरी याहि प्रयोगशाळेंत त्यांच्या जोडीनें राबत. प्रयोगांसाठीं बोस्टनच्या रस्त्यांवरचीं भटकीं मांजरें पकडून आणण्याचें कामहि या विद्वान् दांपत्यास करावें लागे. ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फिया येथें अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयांतील भोंक त्यांनीं शिवलें. तेवढ्या वेळांत २६ मिनिटें तिच्या हृदयाचें व फुप्फुसांचें काम यंत्रानें केलें. ती मुलगी पुढें कित्येक दशकें जगली. परंतु त्यानंतर लागोपाठ दोन बालकें दगावलीं, आणि गिबन यांनीं आपला हात आंवरता घेतला. त्यांच्या पहिल्या यशाइतकाच हा निर्णयहि मला आदरणीय वाटतो. जयजयकार चालूं असतां थांबणें सोपें नव्हे.

याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठांतील डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनीं निराळाच मार्ग धरिला. गर्भांतील मुलास स्वतःचीं फुप्फुसें वापरावीं लागत नाहींत. त्याचें रक्त आईच शुद्ध करून देते. मग शस्त्रक्रियेच्या घटकाभर वेळापुरतें जन्मलेल्या मुलाचेंहि रक्त दुसऱ्या माणसानें कां शुद्ध करून देऊं नये? २६ मार्च १९५४ रोजीं मिनिआपोलिस येथें वर्षाच्या आंतबाहेरच्या एका बालकास मेजावर निजविलें. त्याच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास जन्मतःच भोंक होतें. शेजारच्या मेजावर त्याचा बाप निजला. मुलाचें अशुद्ध रक्त नळीवाटे बापाच्या मांडींतील शिरेंत जाई, बापाच्या फुप्फुसांतून शुद्ध होई, आणि त्याच्या मांडीच्या धमनींतून निघून परत मुलाच्या शरीरांत येई. जाणाऱ्या-येणाऱ्या रक्ताचें माप सारखें राखावयास मध्यें एक पंप. बापाचें हृदय त्या वेळीं दोघांसाठीं चालत होतें, आणि मुलाचें हृदय उघडून त्यांतील भोंक शिवलें जात होतें.

हें मूल अकराव्या दिवशीं फुप्फुसदाहानें गेलें. शिवलेलें भोंक मात्र पक्कें बुजलेलें आढळलें. तेवढ्यावरून लिलेहाय खचले नाहींत, आणि मुलांचे आईबापहि खचले नाहींत. या रीतीनें एकंदर ४५ रोग्यांवर शस्त्रक्रिया झाली, व त्यांपैकीं २८ जण बरे होऊन घरीं गेले. एका शस्त्रक्रियेंत दोन जीव घालविणारी विद्या म्हणून या पद्धतीवर टीका झाली, आणि ती सर्वस्वीं खोटी नव्हती. रक्त देणारा कोणी मेला नाहीं. परंतु एका मातेच्या मेंदूस कायमची इजा पोहोंचली. निरोगी माणसास असें संकटांत घालणें लिलेहाय यांनाहि फार दिवस रुचण्यासारखें नव्हतें. १९५५ सालीं त्यांनीं व डॉ. रिचर्ड डीवॉल यांनीं रक्तांत प्राणवायूचे बुडबुडे सोडणारें एक साधें, स्वस्त यंत्र बनविलें, आणि शेजारचें तें मेज रिकामें झालें. आज जगांत रोज ज्या असंख्य हृदयशस्त्रक्रिया होतात त्या या यंत्रांच्या सुधारलेल्या वंशजांवर. पण यंत्राच्या जागीं आधीं एक बाप निजला होता, हें विसरूं नये, एवढेंच माझें म्हणणें.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतों. यंत्र आहे, मग हृदय कशास? कारण असें कीं, रक्त हा मोठा मानी पदार्थ आहे. शरीराबाहेरच्या कोणत्याहि परक्या वस्तूस तें शिवलें कीं गोठूं लागतें. तें गोठूं नये म्हणून औषध द्यावें, तर कोठें ना कोठें रक्तस्राव होण्याची भीति. आणि पंपांतून वारंवार फिरतांना रक्तांतील पेशीहि फुटतात. शस्त्रक्रियेंतील यंत्र कांहीं तासांपुरतें. अतिदक्षता विभागांत हृदय व फुप्फुसें या दोहोंस आधार देणारी त्याच जातीची योजना दिवसानुदिवस, कधीं कित्येक आठवडे चालते. त्या अवधींत पुष्कळांचें हृदय आपणहून सांवरतें, हें सांगितलेंच पाहिजे. अशक्त हृदयास जोडावयाचा लहानसा पंप निघाला आहे, त्यावर माणसें वर्षानुवर्षें जगतात, चालतात, कामधंदा करतात. मात्र पोटांतून बाहेर आलेली तार आणि खांद्यावर विजेच्या घटांची पिशवी अहोरात्र बाळगावी लागते. ज्याचें हृदय पार निकामी झालें त्याला हीं यंत्रें बहुधा पुलासारखीं असतात. पूल उत्तम असला तरी माणूस पुलावर संसार थाटीत नाहीं. त्यास पलीकडे उतरावयाचें असतें. १९६९ सालीं ह्यूस्टन येथें डॉ. डेन्टन कूली यांनीं संपूर्ण कृत्रिम हृदय प्रथमच माणसाच्या छातींत बसविलें. तें ६४ तास चाललें. आणि या अपूर्व यंत्राचा गौरव होत असतां त्या रोग्याची पत्नी, कोणीतरी खरें हृदय द्या, म्हणून लोकांस विनवीत होती! माझ्या विद्यार्थ्यास याहून नेमकें उत्तर मला देतां येणार नाहीं.

लिलेहाय यांच्या त्या मिनेसोटांत दक्षिण आफ्रिकेहून आलेले एक डॉक्टर शिकत होते. त्यांचें नांव ख्रिश्चन बर्नार्ड. परततांना केपटाउनसाठीं एक हृदय-फुप्फुस यंत्र मिळण्याची व्यवस्था त्यांच्या गुरुजनांनीं करून दिली. पुढें ३ डिसेंबर १९६७ रोजीं तेथील ग्रूट शूर इस्पितळांत एका माणसाचें हृदय दुसऱ्याच्या छातींत चालूं झालें, आणि बर्नार्ड यांचें नांव एका दिवसांत जगभर गाजलें. मला येथें दुसऱ्याच एका माणसाविषयीं लिहावयाचें आहे. आदल्या दिवशीं रस्ता ओलांडतांना मोटारीचा धक्का लागून त्याची पत्नी जागींच ठार झाली होती, व पंचवीस वर्षांच्या मुलीच्या मेंदूस असाध्य जखम झाली होती. त्या अवस्थेंत डॉक्टरांनीं त्यास विचारलें कीं, मुलीचें हृदय द्याल काय? चार मिनिटें तो गप्प राहिला, आणि मग होय म्हणाला. ज्यास तें हृदय बसविलें तो रोगी अठरा दिवस जगला. परकें हृदय शरीरानें नाकारूं नये म्हणून दिलेल्या औषधांनीं त्याची प्रतिकारशक्तीच खालावली, व तो फुप्फुसदाहानें वारला. त्या मुलीचें एक मूत्रपिंड दहा वर्षांच्या एका मिश्रवर्णी मुलास बसविलें गेलें. ज्या देशांत त्या काळीं गोऱ्यांचीं व काळ्यांचीं इस्पितळेंहि कायद्यानें वेगळीं होतीं, तेथें त्या बापाच्या एका शब्दानें हें घडलें. मिनिआपोलिसचा बाप स्वतः मेजावर निजला; केपटाउनच्या बापास याहून कठीण काम करावें लागलें, असें मला वाटतें.

त्यानंतर अडीच महिन्यांच्या आंतच, फेब्रुवारी १९६८ मध्यें, आपल्या मुंबईंत परळच्या के. ई. एम. इस्पितळांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयरोपण केलें. सारें जग ज्या कामांत चांचपडत होतें त्यांत ते अगदीं पहिल्या फळींत होते, ही गोष्ट मुंबईच्या पुष्कळ मुलांस ठाऊकहि नसेल. रोगी कांहीं तासांतच गेला. त्याच वर्षींच्या दुसऱ्या प्रयत्नाचीहि तीच गति झाली. पण अपयश केवळ त्यांच्याच वांट्यास आलें असें नव्हे. त्या एका वर्षांत जगांत शंभराच्या आसपास हृदयरोपणें झालीं, व बहुतेक रोगी लवकरच दगावले. बहुतेकांनीं मग हें काम सोडलें; स्टॅनफर्ड येथील डॉ. नॉर्मन शमवे यांच्यासारखे थोडके चिकटून राहिले, आणि नॉर्वेच्या मातींत सांपडलेल्या एका बुरशीपासून काढलेलें सायक्लोस्पोरिन हें औषध १९८० नंतर हातीं आल्यावर या विद्येस पुन्हां पालवी फुटली.

सेन यांच्या वेळीं आपल्या देशांत आणखी एक उणीव होती. मेंदू कायमचा मेला म्हणजे माणूस मेला, मग यंत्रानें श्वास चालूं असला तरी, असें म्हणणारा कायदाच नव्हता. तो संमत झाला १९९४ सालीं, आणि त्याच वर्षींच्या ऑगस्टमध्यें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. वेणुगोपाल यांनीं देशांतील पहिलें यशस्वी हृदयरोपण केलें. मुंबईस मात्र आणखी एकवीस वर्षें थांबावें लागलें. ऑगस्ट २०१५ मध्यें पुण्याहून एका मृत स्त्रीचें हृदय मुंबईस आणून तरुणास बसविलें, तेव्हां पोलिसांनीं सारा रस्ता मोकळा करून दिला होता. कारण बर्फांत ठेवलेलें हृदय सुमारें चार तासच टिकतें.

सारांश, शल्यविद्या आहे, यंत्र आहे, औषध आहे, कायदाहि आहे. तरी आपल्या देशांत मरणोत्तर अवयवदान करणाऱ्यांचें प्रमाण दर दहा लाखांस एकाच्याहि आंत, आणि स्पेन देशांत तें चाळिसाहून अधिक! येथें त्या मातोश्रींच्या वाक्याचा संबंध येतो.

त्यांना मी दोष देत नाहीं. आपल्या घरांत मरणाची गोष्ट काढली कीं, "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून गप्प करण्याची चाल जुनी आहे, आणि ती प्रेमापोटींच आली आहे. परंतु तिचा परिणाम असा होतो कीं, हा प्रश्न आपणांस जन्मांत एकदांच, आणि तोहि अत्यंत वाईट वेळीं, इस्पितळाच्या ओटीवर विचारला जातो. तेथें काका एक म्हणतात, आत्याबाई दुसरें म्हणतात, आणि गेलेल्या माणसाची इच्छा काय होती हें कोणासच सांगतां येत नाहीं. लोक दधीचि ऋषींचा दाखला देतात. दाखला थोर आहे, पण दधीचींना देवांनीं ते जिवंत असतांना विचारलें होतें! येथें ज्याचें हृदय मागावयाचें तो बोलूं शकत नाहीं. उत्तर द्यावयाचें तें आईनें, बापानें, पत्नीनें.

पालक दोन-तीन शंका बोलून दाखवितात. डॉक्टर हृदयाच्या लोभानें माणसास घाईनें मेला म्हणतील, ही एक. कायद्यानें चार डॉक्टरांनीं मिळून, निदान सहा तासांच्या अंतरानें, दोन वेळां परीक्षा करावयाची असते, आणि रोपण करणाऱ्यांपैकीं कोणी त्या चौघांत असूं शकत नाहीं. देह अपुरा जाईल, ही दुसरी. ज्याची त्याची श्रद्धा. मी वाद घालीत नाहीं, अग्नि काय शिल्लक ठेवतो एवढेंच विचारतों. तिसरी शंका मला खरोखर बोंचते. देणारा बहुधा अपघातांत सांपडलेला गरीब, आणि घेणारा लाखों रुपये मोजूं शकणारा, असें व्हावें हें न्याय्य नाहीं. त्यावर उपाय, सार्वजनिक इस्पितळांतून ही शस्त्रक्रिया गरिबांस परवडेल अशी करणें, हा आहे. आणि त्यासाठीं आपण सरकारच्या मागें लागलें पाहिजे. दान बंद ठेवल्यानें गरीब रोगी वांचेल, असें मात्र मला कोणी पटवून दिलेलें नाहीं.

अवयवदानाचा अर्ज भरतां येतो, आणि अठरा वर्षें पुरीं झालेल्यांनीं तो भरावा. परंतु अर्ज भरलेला असला तरी अखेरच्या वेळीं घरच्यांस विचारल्यावांचून कोणी पुढें जात नाहीं. तेव्हां कपाटांत ठेवलेल्या कागदापेक्षां घरांत बोललेला शब्द अधिक उपयोगी पडतो. जेवतांना हा विषय नको, हें त्या मातोश्रींचें म्हणणें मला मान्य आहे. जेवणें उरकल्यावर, पानसुपारीच्या वेळीं, चालेल.