पाण्यालाही पुरावा लागतो!

आमच्या हिंगोली जिल्ह्याला नद्यांची वाण नाही. कयाधू, पूर्णा, पैनगंगा इथूनच वाहतात. सिद्धेश्वर धरण जिल्ह्यातच आहे, येलदरी आणि इसापूर उंबरठ्यावर. तरी २०१२ आणि २०१५ च्या दुष्काळात आमच्या आया-बहिणी टँकरमागे धावल्या. याला अल्लाची मर्जी म्हणून गप्प बसायचे काय? आम्ही बसणार नाही.

पावसाची तऱ्हा बदलली, हे खरे. तो दडी मारतो तेव्हा महिना महिना फिरकत नाही, आणि कोसळतो तेव्हा सप्टेंबर २०२५ सारखा शेतातली मातीही घेऊन जातो. खाली काळा कातळ. त्यात मुरते थोडे, वाहून जाते फार. पण जे मुरते ते कोणाच्या बोअरमध्ये जाते, हे कोणी विचारत नाही. वसमतकडे कालव्याच्या पाण्यावर ऊस डोलतो आणि सेनगावच्या माळावरचा माणूस कोयता घेऊन परमुलखात दुसऱ्याचा ऊस तोडायला निघतो.

आमच्यातल्या पिंजारी, बागवान, मन्यार यांची कथा याहून वेगळी. त्यांच्यातल्या बहुतेकांना शेतच नाही. आठवडी बाजार हीच त्यांची शेती. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसला की बाजार बसतो. मग तलाठी पंचनामा करतो तो पिकाचा. हातगाडीचा पंचनामा कोणत्या सरकारने केला? म्हणून हा माणूस दुष्काळग्रस्तांच्या यादीत येत नाही. तो मुकाट्याने बिऱ्हाड उचलतो आणि पुणे, भिवंडी, मुंबई गाठतो.

तिथे नळ मागावा तर आधी पुरावा मागतात: झोपडी कोणत्या सालची? पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट सांगितले, की झोपडी बेकायदा असली म्हणून माणसाचे पाणी तोडता येणार नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याआधी २०१० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही पाण्याला मानवी हक्क मानले. गल्लीतल्या पाणीमाफियाला यातले काहीच माहीत नाही. तो हंड्याचे पैसे रोख घेतो.

आता थोडे आमच्याच अंगणात. कर्बलेत पाणी अडवले म्हणून आम्ही मोहरमला सबील लावतो, शरबत वाटतो. दहा दिवस. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिन्यातली रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, ही हकीकत वाजमध्ये ऐकून आम्ही सुबहानल्लाह म्हणतो. मराठवाड्यात वक्फच्या जमिनी काही थोड्या नाहीत. त्यांवर गाळे बांधण्याचे ठराव झटपट होतात. विहिरीचा ठराव जमातीच्या बैठकीत निघाला, तर मुतवल्ली साहेबांना नेमके कुठेतरी जायचे असते. विहिरीचे राहू द्या. वजूचे पाणी पाच वक्त गटारात जाते. ते मुरवायला मशिदीच्या अंगणात एक शोषखड्डा खणायचा, तर त्यासाठी आम्ही कोणत्या मंत्र्याची वाट पाहतो आहोत?