निधी कामगारांचा, किल्ली कोणाची?

सुरतेलगतचे उधना महाराष्ट्राच्या नकाशात नाही. परंतु खानदेशातील असंख्य कुटुंबांच्या जमाखर्चात ते आहे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव या गावांवरून जाणाऱ्या उधना-जळगाव लोहमार्गाने माणसे तेथे गेली आणि यंत्रमागांवर, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत व कृत्रिम धाग्यांच्या कारखान्यांत आयुष्यभर राबली. काहींनी तेथेच घर केले, काही उतारवयात गावी परतली. मोठ्या आस्थापनांतून अशा माजी कामगारांसाठी हितकारी निधी असतो. पगारातून कापलेली वर्गणी आणि मालकाने घातलेली भर यांतून तो साठतो. एखाद्याचे दुखणे, एखाद्या विधवेचा निर्वाह अशा वेळी त्यातून मदत व्हावी, हा हेतू. या निधीवर एखादा स्वतंत्र विश्वस्त नेमावा काय, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. आमच्या मते तो कामगारांच्या म्हातारपणाचा प्रश्न आहे.

सामान्यतः अशा निधीचे विश्वस्त म्हणजे कंपनीचे अधिकारी आणि जोडीला संघटनेचा एखादा पदाधिकारी. कंपनीची भरभराट असेपर्यंत यात कोणाला वावगे दिसत नाही. परंतु कंपनीला ओहोटी लागली की एकाच माणसाला दोन धन्यांची चाकरी करावी लागते. विश्वस्त या नात्याने निधीचे पैसे कंपनीकडून त्वरित वसूल करणे हे त्याचे कर्तव्य. अधिकारी या नात्याने तेच देणे लांबणीवर टाकणे ही त्याची नोकरी. गायकवाड घराण्याशी निगडित असलेल्या उधन्याच्या बडोदा रेयॉनचे उत्पादन २००८ मध्ये थांबले. नावाजलेला कारखानाही बंद पडू शकतो, एवढ्यापुरताच हा दाखला.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिवाळखोरीविषयक संहितेने भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि उपदान निधी यांतून कामगारांना देय असलेल्या रकमा धनकोंच्या वाटपातून वगळल्या आहेत. हितकारी निधीचे नाव त्या यादीत नाही. दुसऱ्याच्या हितासाठी न्यास म्हणून धारण केलेली मालमत्ता मात्र वगळली आहे. तेव्हा विश्वस्तपत्र, स्वतंत्र बँकखाते आणि चोख हिशेब यांवरच या निधीचा बचाव अवलंबून राहतो. निधीची रक्कम कंपनीच्याच तिजोरीत मिसळली असेल, तर ती कामगारांची होती हे सिद्ध करणे त्या वृद्धांना फार जड जाईल.

अनुभवही हेच सांगतो. ब्रिटनमधील वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेल १९९१ मध्ये मरण पावले, आणि त्यांच्या कंपन्यांच्या निवृत्तिवेतन निधींतून ४० कोटी पौंडांहून अधिक रक्कम नाहीशी झाल्याचे उघड झाले. पुढे १९९५ च्या कायद्याने सभासदांनी सुचविलेल्या विश्वस्तांना स्थान दिले आणि दिवाळखोर कंपनीच्या निधीवर स्वतंत्र विश्वस्ताची तरतूद केली. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील वीज कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे दोन हजार कोटींहून अधिक रुपये एका खाजगी गृहकर्ज संस्थेत अडकल्याचे २०१९ मध्ये बाहेर आले. तेथेही किल्ली वीज महामंडळाच्या अधिकाऱ्यांकडेच होती.

वास्तविक यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. खाजगी न्यासांना लागू असलेल्या १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाने लाभार्थीला योग्य विश्वस्त मिळण्याचा हक्क दिला आहे. ज्याचे हितसंबंध लाभार्थीच्या हिताशी विसंगत आहेत, त्याला हाच अधिनियम अयोग्य ठरवतो. हिशेब पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा अधिकारही लाभार्थीला आहे. विश्वस्ताची जागा रिकामी झाली वा तो अपात्र ठरला, आणि नेहमीच्या मार्गाने नेमणूक शक्य नसली, तर दावा न लावता केवळ अर्ज करून दिवाणी न्यायालयाकडून नवा विश्वस्त मागता येतो. निधी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल, तर धर्मादाय आयुक्तांचे दार आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बाहेरच्या माणसाला कामगारांची दुःखे काय ठाऊक? कोणत्या घरात चूल पेटली नाही, हे सोबत्यालाच कळते. म्हणूनच कामगारांचे प्रतिनिधी हटवून त्यांच्या जागी एखादा निवृत्त न्यायाधीश वा सनदी लेखापाल बसवावा, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या शेजारी तो बसवावा, असे म्हणतो. गुजरातच्या भूमीला ही रीत परकी नाही. १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणीसंपात मालक व मजूर या दोघांनी प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांना पंच मानले, आणि त्यांनी ३५ टक्के वाढीचा निवाडा दिला. ते ना मालकाचे मिंधे होते, ना मजुरांचे.

मात्र 'स्वतंत्र' हे बिरुद लावल्याने कोणी स्वतंत्र होत नाही. मालकाने निवडलेला आणि मालकाकडूनच मानधन घेणारा गृहस्थ कितीही सज्जन असला तरी आश्रितच. म्हणून त्याच्या नेमणुकीस माजी कामगारांची संमती हवी, मुदत ठरलेली हवी आणि निधीतील पैसा कंपनीला कर्जाऊ देण्यास नकार देण्याचा अधिकार त्याच्याकडे हवा. उधन्यातील सभेला अमळनेरचा वृद्ध येऊ शकत नाही. तेव्हा वर्षाचा हिशेब त्याला समजेल अशा भाषेत टपालाने त्याच्या घरी गेला पाहिजे.

हे सारे कारखान्याची चिमणी धूर ओकत आहे तोवर व्हावे. फाटकाला टाळे लागल्यावर नेमलेल्या विश्वस्ताच्या हाती बहुधा रिकाम्या पेटीची किल्ली येते.