‘सब्र करा’ म्हणण्याआधी ऐकून घ्या

घरात कुणाला कॅन्सर निघाला की आपण पैशांची जमवाजमव करतो, रक्तदाते शोधतो, गावाकडच्या पेशंटला परळच्या टाटा हॉस्पिटलपर्यंत पोहोचवतो. या धावपळीत आपली तरुण मुलं कधी मागे नसतात. पण पेशंटच्या मनात काय चाललंय, हे विचारायला कुणी थांबत नाही. तो बोलू लागला की आपण म्हणतो, ‘सब्र करा, अल्लाह शिफा देईल.’ हेतू चांगलाच असतो. पण बोलणं तिथेच संपतं.

मनाचा त्रास मनापुरता राहत नाही. झोप उडते, जेवण जात नाही, दुखणं जास्त जाणवतं. खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, केमोची तारीख टाळतो, कधी उपचारच सोडतो. म्हणूनच ताप, नाडी, श्वास, रक्तदाब आणि वेदनेसारखीच या त्रासाचीही नोंद घ्यावी, असा कॅन्सरतज्ज्ञांचा आग्रह आहे. त्यासाठी एक साधी पट्टी वापरतात: गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, ० ते १० मध्ये सांगा. उत्तर ४ किंवा जास्त आलं, तर नीट विचारपूस आणि गरजेप्रमाणे मदत.

मात्र याचा उलटा अर्थ काढून ‘टेन्शन घेतलंस म्हणून कॅन्सर झाला’ असं पेशंटला सुनावू नका. ते सिद्ध झालेलं नाही, आणि आजारासोबत त्याच्यावर अपराधाचं ओझं कशाला?

सब्र म्हणजे तोंड मिटून सोसणं नव्हे. छोट्या इब्राहीमच्या मृत्यूवेळी खुद्द प्रेषितांचे (स.) डोळे भरून आले होते. याकूब (अलै.) युसूफसाठी रडले, तरी त्यांचा सब्र आपण आदर्श मानतो. मग केमो घेणाऱ्या अम्मीच्या अश्रूंना कमकुवत ईमान का समजायचं?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. अलर्टचा आवाज बंद केला म्हणून सर्व्हरचा बिघाड जात नाही, हे आमच्याकडे नवख्यालाही कळतं. ‘रडू नको’ म्हणणं म्हणजे तेच.

पुढच्या वेळी फळं घेऊन भेटायला जाल, तेव्हा अर्धा तास बसा. ‘कसली भीती वाटते?’ एवढंच विचारा आणि गप्प राहून ऐका. त्रास जास्त दिसला तर तो डॉक्टरांच्या कानावर घाला. हॉस्पिटलात समुपदेशक आहे का, विचारा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलते. रात्ररात्र जागणाऱ्या घरच्यांनाही तो नंबर द्या.

दुआ कराच. पण आधी ऐका.