नाक दाबून पाजलेलें औषध

"नाक दाबलें कीं तोंड उघडतें" ही म्हण आपल्याकडे राजकारणापासून उधारीच्या वसुलीपर्यंत सर्वत्र चालते, आणि व्यापारी मंडळींस तर ती विशेष सोयीची वाटते. तिचा शब्दशः अर्थ ज्यास पाहावयाचा असेल त्यास मात्र पेठेंत जाण्याचें कारण नाहीं. घरांतील दीड-दोन वर्षांचें मूल तापानें आजारी पडलें म्हणजे तो माजघरांतच पाहावयास सांपडतो. आजी पाय धरते, काकू हात आंवळते, आई नाक दाबून चमचा घशांत रिता करते, आणि मूल किंकाळी फोडून त्यांतील अर्धें औषध आईच्या पदरावर व उरलेलें वाटेल तिकडे जाऊं देतें. हा प्रकार केवळ अडाणी घरांत होतो असें कोणी समजूं नये. ज्यांच्या दिवाणखान्यांत पदवीचीं प्रमाणपत्रें चौकटींत लावलेलीं आहेत त्यांच्याही माजघरांत तो होतो, आणि त्याविषयीं कोणी कांहीं बोललें तर "लेकरू बरें व्हावें म्हणूनच ना?" असें उत्तर तयार असतें. हेतूविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो रीतीविषयीं. कारण ज्या आजारासाठीं औषध आणलें त्याहून ही रीतच कधीं कधीं अधिक घातक ठरते.

नाक दाबलेलें मूल तोंडानें श्वास घेतें. रडणारें मूल तर हुंदक्याबरोबर खोल श्वास आंत ओढतें. त्याच क्षणीं तोंडांत औषध असेल तर तें अन्ननलिकेंत जाण्याऐवजीं श्वासनलिकेंत जाण्याचा संभव असतो, हें समजण्यास वैद्यकाचें शिक्षण नको. त्यांत आपल्याकडे तान्ह्या मुलास पायांवर उताणें निजवून बोंडल्यानें गुटी किंवा एरंडेल पाजण्याची चाल. पाणी श्वासनलिकेंत गेलें तर निदान ठसका लागतो आणि धोक्याची सूचना मिळते. तेल व तूप हे पदार्थ इतके गुळगुळीत कीं पुष्कळदां ठसकाही लागूं न देतां ते फुप्फुसांत उतरतात. त्यांपासून होणारा फुप्फुसाचा दाह साध्या न्यूमोनियासारखा औषधांस दाद देत नाहीं. बालरोगांवरील ग्रंथांत त्याची कारणें सांगतांना मुलांच्या तोंडांत व नाकांत जबरीनें तेल-तूप घालण्याच्या चालींचा उल्लेख येतो, ही आपणांस भूषणावह गोष्ट नव्हे. गोळीची कथाही तीच. २०१५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या कार्यक्रमांत एक ते दोन वर्षांच्या मुलास अर्धी गोळी चुरून पाण्यांत कालवून द्यावी व मोठ्या मुलांनीं ती चावून खावी, असा दंडक आहे. तो उगाच घातलेला नाहीं. रडणाऱ्या मुलाच्या तोंडांत कोंबलेली अख्खी गोळी घशांत अडकून त्याचा प्राण जाऊं शकतो.

आतां मूल औषध नाकारतें तें कां? "हट्टी आहे" हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. वनस्पतींतील पुष्कळ विषें कडू असतात, आणि जिभेस कडू लागेल तें थुंकून टाकावें ही बुद्धि मूल जन्मतःच बरोबर आणतें. मोठ्या माणसापेक्षां लहान मुलास कडवटपणा अधिक जाणवतो. आपण कारल्याची भाजी चवीनें खातों ती वीस-पंचवीस वर्षांच्या सवयीनें. तेव्हां क्लोरोक्विनची चुरलेली गोळी थुंकणारें मूल आपल्या परीनें शहाणपणानेंच वागत असतें.

आमच्या प्राचीन वैद्यांस ही अडचण ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत केवळ दुधावर असणारें, दूध व अन्न दोन्ही घेणारें आणि केवळ अन्न खाणारें असे बालकाचे तीन वर्ग करून प्रत्येकाची मात्रा निराळी सांगितली आहे; तान्ह्यासाठीं स्तनावर औषधाचा लेप देऊन तें दुधाबरोबर पोटांत जावें अशी योजनाही तेथें आहे. काश्यपसंहितेंत तर चाटणाविषयीं स्वतंत्र अध्याय आहे. त्या ग्रंथांतील प्रत्येक औषध आज द्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वयाप्रमाणें माप आणि मुलाच्या कलानें देण्याची युक्ति हीं दोन तत्त्वें इतक्या जुन्या काळीं समजलेलीं असतां, "आमच्यांत पूर्वीपासून असेंच चालतें" असें म्हणून नाक दाबणारांनीं निदान पूर्वजांचें नांव तरी मध्यें ओढूं नये.

दोष कित्येकदां औषध करणाराचाही असतो. क्षयरोगाचें उदाहरण घ्या. मुलांच्या योग्य मापाच्या एकत्रित गोळ्या २०१५ च्या अखेरपर्यंत मिळत नव्हत्या. आईबापांनीं मोठ्या माणसाच्या कडू गोळ्या फोडून, चुरून, अंदाजानें वांटे करून मुलांस महिनोन् महिने पाजाव्या, असा प्रकार जगांत अनेक देशांत चालला होता. मग पाण्यांत विरघळणारी, फळाच्या चवीची गोळी निघाली, आणि २०१६ सालीं केनियानें ती सर्वांआधीं देशभर लागू केली. मुलें तींच होतीं, गोळी तेवढी बदलली. म्हणून डॉक्टरांपाशीं "हें मूल घेत नाहीं, दुसऱ्या रूपांत हेंच औषध मिळेल काय?" असें विचारण्यास आईबापांनीं लाजूं नये. अतिसारावरील झिंकची गोळी चमचाभर पाण्यांत किंवा आईच्या दुधांत विरघळते. तापाच्या औषधाची वात गुदद्वारानें देतां येते. विचारल्यावांचून हें कोणी सांगत नाहीं, कारण दवाखान्यांत गर्दी असते.

जबरदस्तीच्या दुसऱ्या टोकास फसवणूक आहे, आणि तिचें कौतुक करणारे लोक अधिक आहेत. "हा खाऊ आहे," "हें सरबत आहे," असें म्हणून पाजलेलें औषध त्या वेळेपुरतें उतरतें खरें. पण मुलाची स्मरणशक्ति आपण समजतों तितकी कच्ची नसते. खाऊ म्हणून दिलेली बाटली फळीवर कोठें ठेवली हें तें बरोबर पाहून ठेवतें, आणि दुपारीं घर झोपलें असतां स्टूल ओढून ती रिकामी करतें. तापावरील पॅरासिटॅमॉल प्रमाणाबाहेर गेल्यास यकृत निकामी होतें. गरोदर स्त्रीसाठीं आणलेल्या लोहाच्या लाल गोळ्या मूठभर खाल्लेलें मूल दगावूं शकतें. दुधाच्या पेल्यांत औषध मिसळणें हीही अशीच चतुराई. मुलानें अर्धा पेला टाकला तर पोटांत किती गेलें हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. लोहाचें औषध दुधाबरोबर नीट अंगीं लागत नाहीं. आणि पुढें मूल दुधासच संशयानें पाहूं लागतें, तो तोटा निराळाच. मधाच्या चाटणाविषयीं तर स्वतंत्रपणें बजावलें पाहिजे. एक वर्षाच्या आंतील मुलास मधाचें बोटही लावूं नये. मधांत असूं शकणाऱ्या एका जंतूपासून अशा तान्ह्यास अंग लुळें पाडणारा घातक विकार होतो. वर्ष उलटल्यावर मात्र खोकल्यास चमचाभर मधासारखें सोपें औषध नाहीं.

धाकाची तऱ्हाही सांगून टाकूं. "औषध घे, नाहीं तर डॉक्टर सुई टोंचतील," "बाबा आले म्हणजे बघ," हीं वाक्यें ज्या घरांत नाहींत असें घर विरळा. ज्या माणसाकडे मुलास मोठ्या विश्वासानें न्यावयाचें त्यासच आपण आधीं बागुलबुवा करून ठेवितों, आणि मग दवाखान्याच्या पायरीवर मूल आकांत करतें म्हणून त्यालाच रागावतों!

ह्या सर्वांहून आधींचा एक प्रश्न आहे, तो आम्हांस अत्यंत महत्त्वाचा वाटतो. मुलाच्या गळीं उतरविण्यासाठीं आपण एवढी धडपड करितों तें औषध त्यास हवें आहे काय? १९३७ सालीं अमेरिकेंत सल्फानिलामाइड हें औषध पातळ रूपांत करून त्यास रासबेरीची चव दिली होती. तें ज्यांत विरघळविलें तें डायएथिलीन ग्लायकोल चवीस गोड असलें तरी विषारी होतें. शंभरांहून अधिक माणसें मेलीं, त्यांत पुष्कळ मुलें होतीं, आणि त्यानंतर १९३८ सालीं तेथें औषधांचा कडक कायदा झाला. ही गोष्ट साता समुद्रांपलीकडची म्हणून सोडून देतां येत नाहीं. २०२५ सालीं सप्टेंबर-ऑक्टोबरांत मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत तेंच विष मिसळलेलें खोकल्याचें औषध घेऊन वीसांहून अधिक बालकें मूत्रपिंडें निकामी होऊन गेलीं. त्यांपैकीं कित्येकांस उपचारासाठीं आमच्या नागपुरासच आणलें होतें. त्या आईबापांनीं कांहीं हयगय केली नव्हती. मुलें बरीं व्हावीं म्हणून त्यांनीं तें औषध चमच्याचमच्यानें पाजलें होतें. अपराध औषध करणारांचा व तपासणी न करणारांचा होय, आणि तो आईबापांच्या माथीं मारण्याचा प्रयत्न कोणी करूं नये. परंतु त्याच ऑक्टोबरांत केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानें पुन्हां बजावलें कीं, दोन वर्षांच्या आंतील मुलांस खोकला-सर्दीचीं औषधें देऊं नयेत, व पांच वर्षांच्या आंत सामान्यतः त्यांची शिफारस नाहीं. लहान मुलांचा बहुतेक खोकला आपोआप जातो. म्हणजे ज्या बाटलीसाठीं घरोघर नाकें दाबलीं जातात त्यांपैकीं पुष्कळ बाटल्या घरांत यावयासच नकोत. डॉक्टरनें औषध लिहून दिलें नाहीं तर फी फुकट गेली असें मानणारे आमचे सुशिक्षित बंधु ह्या गोष्टीचा विचार करतील काय?

औषध खरोखर हवेंच असलें, तर पहिलें काम मापाचें. येथें आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विशेषतः विचारतों. दुकानांत काट्यावर गुंजभर सोनें इकडचें तिकडे होऊं न देणारा गृहस्थ घरीं आला कीं "अर्धा चमचा घाला" म्हणतो, कोणता चमचा? एकाच घरांतील दोन चमचे सारखे नसतात. तापाच्या थेंबांच्या बाटलींत एका मिलिलिटरमध्यें १०० मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल असतें, आणि त्याच नांवाच्या साध्या बाटलींत पांच मिलिलिटरमध्यें १२५. म्हणजे थेंबांचें औषध चौपट जालीम. जें माप एकीचें तेंच दुसरीस लावलें तर काय होईल हें हिशेबी माणसास सांगावयास नको. सुई नसलेली, आंकडे घातलेली प्लास्टिकची लहान पिचकारी औषधाच्या दुकानांत मिळते. तिनें माप अचूक होतें आणि औषध देणेंही सोपें जातें.

देण्याची रीत अशी. मुलास मांडीवर ताठ बसवावें, निजवूं नये. पिचकारीचें टोंक गालाच्या आंतल्या बाजूस, हिरडीशीं ठेवून थोडें थोडें सोडावें, मधूनमधून गिळूं द्यावें. घशावर धार सोडूं नये. दोन-तीन वर्षांच्या मुलास आधीं खरें सांगावें कीं हें कडू आहे, एकदांच घ्यावयाचें आहे, मग पाणी. कोणत्या वाटींतून घेणार, आईकडून कीं बाबांकडून, एवढी निवड त्याच्याकडे सोंपवावी. घेणें न घेणें ही निवड मात्र देऊं नये. आधीं बाहुलीस पाजून दाखविलें तरी पुष्कळ मुलें वळतात. औषध ओकून टाकलें तर डॉक्टरांस विचारल्यावांचून पुन्हां देऊं नये. आणि "बाबांकडून" हा शब्द आम्हीं हेतुपुरस्सर लिहिला आहे. बहुतेक घरांत औषध पाजण्याचें अप्रिय काम आईच्या माथीं असतें, तीच मुलाच्या डोळ्यांत दुष्ट ठरते. संध्याकाळीं बाप बिस्किटाचा पुडा घेऊन येतो आणि प्रेमळ ठरतो. आठवड्यांतून चार मात्रा बापानें पाजून पाहाव्या, म्हणजे पत्नीस "तुला एवढेंही जमत नाहीं" असें म्हणण्याचा उत्साह कमी होईल.

सर्व उपाय थकले आणि औषध प्राणरक्षणाचें असलें, तर मुलास धरावें लागेल; तसा प्रसंग कधींच येत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तेव्हांही तें बसलेलेंच असावें, नाक मोकळें असावें, धरणारानें ओरडूं नये, आणि पाजून होतांच त्यास छातीशीं घ्यावें.

राहतां राहिले आमचे औषधविक्रेते बंधु. प्रत्येक पातळ औषधाबरोबर त्यांनीं एक पिचकारी द्यावी, आणि गिऱ्हाइकाच्या देखत तिच्यावर मापाची रेघ ओढून "इथपर्यंत, दिवसांतून इतके वेळां" एवढें सांगावें. पाण्यांत कालवावयाची भुकटी असेल तर पाणी कोठवर घालावें ती खूण बोटानें दाखवावी, आणि कालवलेलें औषध किती दिवस टिकतें तें बाटलीवर शाईनें लिहून द्यावें. ज्या बाईस चिठ्ठीवरील अक्षर लागत नाहीं तिलाही रेघ ओळखतां येते.