हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

अलीकडे पुण्यांतील पुष्कळ गृहरचना संस्थांतून पर्यावरणसेवेचें एखादें मंडळ निघालेलें दिसतें. मंडळाचे स्वयंसेवक रविवारीं सकाळीं जमतात, कुंड्यांची निगा कशी राखावी हें शेजाऱ्यांस सांगतात, मुलांकडून रोपें लावून घेतात, आणि महिन्यांतून एकदां घरोघरचे जुने कागद, पुठ्ठे, बाटल्या व प्लॅस्टिक गोळा करून पुनर्वापरासाठीं एखाद्या कंपनीच्या हवालीं करतात. त्यांतून जे पैसे येतात त्यांचीं नवीं रोपें येतात. अशा कामाविषयीं जो वांकडा शब्द काढील तो एक तर आळशी ठरतो किंवा खाष्ट. तो ठपका पत्करूनहि मला असें म्हणावयाचें आहे कीं, या मासिक संकलनांत जें दान होतें तें दात्याच्या मालकीचें नसतें.

मग तें कोणाचें? १९९३ सालीं पुण्यांत ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. बाबा आढाव व महिला विद्यापीठांतील कांहीं कार्यकर्त्या तिच्या पाठीशीं होत्या. सभासदांत बहुसंख्य बायका, आणि त्याहि बहुतेक दलित समाजांतल्या. उकिरडा उपसणें ही भीक नव्हे, तो श्रमाचा धंदा आहे. त्यानें नगराचा कचरा वाहून नेण्याचा खर्च वांचतो आणि कारखान्यांना कच्चा माल मिळतो, असें या निरक्षर बायकांनीं शहराला सांगितलें. पुढें २००८ सालीं त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेशीं करार करून दारोदार कचरा उचलूं लागली. या योजनेंत बाईला पगार ठेवलेला नव्हता. घरटीं मिळणारें मासिक शुल्क आणि कचऱ्यांतून निघणाऱ्या विकाऊ जिनसांची विक्री, या दोहोंवर तिनें संसार चालवावयाचा, अशी ती रचना होती.

आतां आमचें मंडळ काय करतें पाहा. विकाऊ असेल तेवढें आधीं वेचून घेतें, आणि उरलेलें खरकटें, मुलांचे लंगोट व फुटकी काच तिच्या ढकलगाडींत टाकतें. तिची मिळकत एका अंगानें अशी कापल्यावर दुसऱ्या अंगाची, म्हणजे शुल्काची, घासाघीस सुरू होते. दारावरचा कचरा महिनाभर उचलण्याचें हें शुल्क असतें तरी किती? बऱ्यापैकीं उपाहारगृहांत दोघांनीं घेतलेल्या कॉफीला याहून अधिक पडावे. तरी संस्थेच्या सभेंत त्यावर जो काथ्याकूट होतो तो ऐकून अंदाजपत्रकावरील चर्चेची आठवण व्हावी.

यावर ठराविक उत्तर येतें. पुनर्वापर झाला म्हणजे झालें. तो कोणाच्या हातून झाला याच्याशीं पृथ्वीला काय कर्तव्य? उत्तर दिसतें तात्त्विक, पण तें मंडळावरच उलटतें. वर्तमानपत्राची रद्दी किंवा पाण्याची बाटली त्या बाईच्या हातीं पडली असती तरी ती भंगारवाल्याकडून कारखान्यांतच गेली असती. मग मंडळाच्या खटाटोपानें पृथ्वीचा अधिक फायदा तो कोणता झाला? बदललें तें एवढेंच कीं, एका खिशांतील पैसा दुसऱ्या खिशांत गेला, आणि ज्या खिशांत गेला त्याला त्याची गरज नव्हती. भंगारवाला ज्याला हात लावीत नाहीं तें, म्हणजे खाऊचीं चकचकीत वेष्टनें, थर्मोकोल, फाटके कपडे, मंडळानें खुशाल गोळा करावें. त्यांत कोणाच्या पोटावर पाय येत नाहीं. पण त्याचे पैसे येत नसल्यामुळें कीं काय, तिकडे उत्साह बेताचाच असतो.

आणि खरें काम पाहिजेच असेल तर तें जिन्याखालीं पडलेलें आहे. गांडूळखताचा प्रकल्प चालविणाऱ्या मिळकतींना पुणें महानगरपालिका घरपट्टींत सवलत देत आली आहे. ती सवलत घेऊन कोरडे पडलेले हौद मीं एकाहून अधिक ठिकाणीं पाहिले आहेत. एकांत तर सायकली ठेवल्या होत्या. इकडे उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांनीं शहराचा कुजका कचरा वर्षानुवर्षें सोसला, त्यांच्या विहिरींचें पाणी नासलें. खत करणें ही कांहीं गूढ विद्या नव्हे. १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड यांनीं ती पद्धत बसविली, आणि तिच्यावरील १९३१ च्या पुस्तकावर त्यांच्या जोडीला यशवंत वाड यांचें नांव आहे. पालापाचोळा, शेण, राख व माती यांचे थर द्यावे, ओल राखावी, ढीग ठराविक दिवसांनीं उलथावा. सुमारें तीन महिन्यांत खत तयार. घरच्या भाज्यांच्या सालींना शेणावांचूनहि चालेल, पण वाळलीं पानें हवींतच, नाहीं तर घाण सुटते. पुण्याच्या रस्त्यांवर फाल्गुनांत पानांचा खच पडतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनीं तो जाळण्यास मनाई केल्यावरहि त्याच्या शेकोट्या पेटतच राहिल्या, आणि शेजारच्याच गच्चीवर बागेसाठीं दक्षिणेंतून आलेल्या कोकोपीटच्या विटा पैसे मोजून चढत राहिल्या! ढीग उलथण्याला फावडें लागतें, हात भरतात, आणि त्याचें छायाचित्र कांहीं सुरेख येत नाहीं, हें मला मान्य आहे. असे हात भरून घेणारे कांहीं स्वयंसेवकहि मला ठाऊक आहेत. त्यांच्याशीं माझें भांडण नाहीं.

मंडळाचे फलक मात्र त्या बाईलाच वर्गीकरणाचे धडे देत असतात. शिकावयाचें तें उलट आपण आहे. वापरलेलें सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रांत गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे आपल्याला तें हातानें उघडून पाहावें लागणार नाहीं, एवढीच विनंती या बायकांनीं शहराला केली होती. आपल्या इमारतींतील किती घरें तो ठिपका काढतात, हें मंडळानें एकदां मोजावें. नंतर येत्या महिन्याचा कागद-पुठ्ठा तिच्या गाडींत घालावा, आणि रोपांसाठीं सभासदांकडून रोख वर्गणी मागावी. जमेल तो आंकडा खालच्या फलकावर लिहावा.